डायनॅमिकल सिस्टीम्समधलं रिसर्च आणि करिअर: खान्देशातली पोरं-पोरी आणि त्यांचे आईबाप वारंवार विचारतात ते प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातलीच, बीएस्सीपर्यंत इथंच शिकले, पुढं बाहेर जाऊन पीएचडी केली आणि आता परत इथंच कॉलेजात गणित शिकवते. माझं काम डायनॅमिकल सिस्टीम्समधलं, त्यातही पिकांच्या रोगांच्या मॉडेल्सवर. अमळनेर, शहादा, साक्री, चाळीसगाव कुठूनही पोरं भेटायला आली की प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

मॅडम, डायनॅमिकल सिस्टीम म्हणजे नेमकं काय हो?

वेळेसोबत बदलणारी कुठलीही गोष्ट, जिच्या बदलण्याला एक ठरलेला नियम आहे. आत्ताची स्थिती काय ते माहीत पाहिजे आणि इथून पुढच्या क्षणी काय होणार त्याचा नियम पाहिजे, एवढं मिळालं की झाली सिस्टीम. मग आमचा प्रश्न एकच असतो, की हे शेवटी जाणार कुठं? एका जागी स्थिरावणार, का त्याच चकरा मारत राहणार, का कधीच स्वतःला रिपीट न करता भटकत राहणार.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा नियम असा: चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत, आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि जे येईल त्याला परत तेच करा. ३५२४ घेऊन बघा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ ला करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. आमच्या भाषेत ६१७४ हा या सिस्टीमचा फिक्स्ड पॉइंट, आणि सगळ्या वाटा त्याच्याकडे ओढल्या जातात म्हणून तो अट्रॅक्टरपण आहे. एक शाळामास्तर कागद-पेन्सिलीवर हे शोधून काढतो आणि आज जगभर ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखतात, मला याचा फार अभिमान वाटतो. तीन आकड्यांसाठी काय येतं ते तुम्हीच काढा.

यात प्युअर आणि अप्लाइड असं काही वेगळं असतं का?

असतं, पण भिंत पातळ आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत काम केलेले श्रीकृष्ण दाणी यांचं डायनॅमिक्समधलं काम पूर्ण प्युअर बाजूचं, म्हणजे प्रश्न गणिताच्या आतूनच येतो, आणि त्या विषयातलं रघुनाथन यांचं प्रसिद्ध अनुमान (तोवर सिद्ध न झालेला अंदाज) मरीना रॅटनर यांनी १९९० च्या आसपास सिद्ध केलं. मी अप्लाइड बाजूला, म्हणजे माझा प्रश्न बाहेरून येतो, शेतातून, नदीतून, आजारातून. थिअरम दोघांनाही लागतात.

केऑस म्हणजे सगळा गोंधळच ना? मग त्यात गणित काय करणार?

नाही, आणि हा गैरसमज मला खरंच खटकतो. केऑसमध्ये नियम अगदी पक्का असतो, नशीब-बिशीब काही नाही, तरी लांबचा अंदाज बांधता येत नाही, आणि हे दोन्ही एकत्र खरं असू शकतं हीच त्यातली मोठी गोष्ट आहे.

मोबाईलवर करून बघता येईल असं उदाहरण देते. समजा एका शिवारात किडीची संख्या पिढीगणिक (वर्षाला एक पिढी धरा) बदलतेय, आणि जास्तीत जास्त जेवढी मावेल तिला १ मानलं. नियम: पुढच्या पिढीची संख्या = र × आत्ताची संख्या × (१ − आत्ताची संख्या). यात र म्हणजे वाढीचा जोर. र २.८ ठेवा, कुठूनही सुरू करा, आकडा ०.६४२८ च्या जवळ जाऊन बसतो. र ३.२ करा, आता तो बसत नाही, एक वर्ष ०.५१३, पुढचं ०.७९९, परत ०.५१३ असा आलटून पालटून चालतो. ३.५ ला चार वर्षांचं चक्र होतं, मग आठ, मग सोळा, आणि ३.५७ च्या आसपास ही दुपटीची साखळी संपते आणि केऑस सुरू होतो. मजा म्हणजे त्याच्याही पुढं ३.८३ जवळ अचानक तीन वर्षांचं सुबक चक्र परत दिसतं. रॉबर्ट मे या शास्त्रज्ञानं १९७६ मध्ये नेचरमध्ये लेख लिहून सांगितलं की एवढ्या साध्या नियमात एवढं सगळं दडलेलं असतं आणि हे पोरांना लवकर शिकवा, मला ते शंभर टक्के पटतं. त्याच्या थोडं आधी मिचेल फायगेनबाउम हातातल्या कॅल्क्युलेटरवर या दुपटी मोजत बसला होता, त्याला दिसलं की दुपटींमधली अंतरं दर वेळी साधारण ४.६६९ पटीनं आक्रसत जातात, आणि नियम बदलला तरी, ज्याच्या ग्राफला असाच एक उंचवटा आहे असा दुसरा नियम घेतला तरी, आकडा तोच येतो.

आता र ४ ठेवा. एकदा ०.३ पासून सुरू करा आणि एकदा ०.३००००१ पासून. फरक दशांशाच्या सहाव्या घरात, पण तो दर पायरीला सरासरी दुप्पट होतो, त्यामुळं वीसएक पायऱ्यांनंतर दोन्ही यादींचा एकमेकींशी काही संबंध राहत नाही.

मग हवामान खात्याचा अंदाज चुकतो तो यामुळंच का?

एक मोठं कारण हेच, एकमेव नाही. एडवर्ड लोरेंझ अमेरिकेत एमआयटीत कॉम्प्युटरवर हवामानाचं छोटं मॉडेल चालवत होता, मधूनच परत सुरू करायचं म्हणून त्यानं प्रिंटआउटवरचा ०.५०६ हा आकडा टाकला, मशीनमध्ये आत खरा आकडा ०.५०६१२७ होता, आणि थोड्याच वेळात दोन्ही हवामानं पूर्ण वेगळी झाली. त्याचा पेपर १९६३ चा, त्यातली तीन समीकरणं आजही आमच्या वर्गात पहिल्या महिन्यात येतात.

म्हणून आता हवामानवाले एकच अंदाज चालवत नाहीत, सुरुवातीची स्थिती थोडी थोडी बदलून पुष्कळ वेळा मॉडेल चालवतात आणि किती वेळा पाऊस आला त्यावरून शक्यता सांगतात. रोजच्या हवामानाचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांच्या पुढं टिकत नाही असं मानलं जातं. शेतकऱ्याला ‘मध्यम शक्यता’ ऐकून राग येतो, तो मी समजू शकते, पेरणी करायची का नाही हे त्याला हो-नाहीमध्येच ठरवायचं असतं. पण खोटी खात्री देण्यापेक्षा खरी शक्यता सांगणं जास्त इमानदारीचं आहे असं माझं मत आहे. आणि अंदाज किती लांबचा बांधता येईल हे सिस्टीमवर असतं. हवामानात दिवस, तर ग्रहांच्या बाबतीत जाक लास्कार यांनी १९८९ मध्ये दाखवलं की आतल्या ग्रहांच्या कक्षांमधली चूक साधारण पन्नास लाख वर्षांत तिप्पट होते. तिथंही केऑस आहेच, फक्त संथ.

खान्देशात राहून असा कुठला रिसर्च होणार? त्यासाठी मुंबई-बेंगळुरू नको का?

ट्रेनिंगसाठी बाहेर जावं लागतं, ते नाकारत नाही. पण प्रश्नांची कमी इथं अजिबात नाही, आणि यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे.

रावेर-यावल भागातल्या कुठल्याही केळीवाल्याला हरण्या रोग विचारा. त्याचं कारण कुकुंबर मोझॅक व्हायरस, सीएमव्ही. पानावर पिवळे पट्टे, पुढं पोंगा सडतो, झाड वाया. पसरवतो मावा, ही रस शोषणारी बारीक कीड. आता गणितवाल्याच्या नजरेनं बघा: रोगट झाडावर बसलेला मावा व्हायरस काही सेकंदांत ते मिनिटांत उचलतो आणि तेवढ्याच पटकन दुसऱ्या झाडाला देतो, पण तो व्हायरस त्याच्या तोंडावर फार वेळ टिकत नाही. म्हणजे फवारणीनं मावा मरेपर्यंत त्यानं रोग देऊन झालेला असतो. म्हणून नुसत्या फवारणीवर भागत नाही, रोगट झाडं लवकर उपटून नष्ट करणं आणि जवळ काकडी-भोपळा न लावणं असा सल्ला मिळतो. हे सगळं समीकरणात घातलं की एक आकडा निघतो, आर नॉट: निरोगी बागेत एक रोगट झाड आलं तर त्याच्यापासून सरासरी किती नवी झाडं रोगट होणार. हा आकडा एकच्या वर असला तर साथ, एकच्या खाली असला तर रोग आपोआप विझतो. त्यात झाड रोगट झाल्यापासून उपटेपर्यंत किती दिवस गेले ही गोष्ट सरळ गुणाकारात येते, दिवस निम्मे झाले की आकडा निम्मा. मावा शून्यावर आणायची गरजच नाही, आकडा एकच्या खाली आला पाहिजे. हाच विचार रोनाल्ड रॉस यांनी मलेरियाच्या डासांबद्दल शंभरेक वर्षांपूर्वी मांडला होता आणि तेव्हा पुष्कळांना तो पटत नव्हता.

आता यात आपल्याकडची गोष्ट घाला. इथं मृगबाग असते (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), कांदेबाग असते (पावसाळ्याच्या शेवटची), वर पिलबाग (कापलेल्या झाडाच्या पिलांपासून वाढवलेली), म्हणजे शिवारात कुठल्या ना कुठल्या वयाची केळी कायम उभी. केळी नाही असा हंगामच नसतो, म्हणून रोगाची साखळी तुटत नाही. याचा आर नॉटवर काय परिणाम होतो? सगळ्या गावानं लागवडीची वेळ एक केली तर किती फरक पडेल? हा ऋतूनुसार बदलणाऱ्या सहगुणकांचा (समीकरणातल्या आकड्यांचा), वयानुसार गट पाडलेला डायनॅमिकल सिस्टीमचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला केळीची बाग रोज डोळ्यांसमोर असलेला माणूस लागतो. बेंगळुरूच्या मुलाला कांदेबाग म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागेल.

कपाशीची गुलाबी बोंडअळी आणि बीटी बियाण्याविरुद्ध तिला आलेली प्रतिकारशक्ती, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे कधी किती उघडले की खाली तापीची पातळी किती तासांनी किती वाढते, दीपनगरच्या वीज केंद्रातले जनरेटर सगळ्या देशाच्या ग्रिडसोबत ५० हर्ट्झला एका तालात कसे राहतात आणि ताल सुटला की काय होतं (३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारतात ग्रिड कोसळून वीज गेली ते आठवा), हे सगळे आमच्याच विषयातले प्रश्न आहेत.

मॉडेलचा ग्राफ डेटाशी जुळला म्हणजे मॉडेल बरोबर ना?

नाही! माझ्या प्रत्येक स्टुडंटला मी हे पहिल्या दिवशी सांगते. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा पेपर साथींच्या गणितात पायाभूत मानला जातो, कोविडच्या काळात सगळ्यांनी ऐकलेली एसआयआर मॉडेल्स (लोकांचे लागण होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले असे गट पाडणारी) तिथूनच आली. त्यात त्यांनी एक वक्र दाखवलाय, तो आपल्या मुंबईच्या प्लेगचा, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या मृत्यूंचा. वक्र डेटाशी सुंदर जुळतो. पण ते मॉडेल माणसाकडून माणसाला होणाऱ्या संसर्गाचं, आणि मुंबईतला प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमुळं पसरत होता, शिवाय तो दर वर्षी ठराविक ऋतूत वर यायचा आणि उन्हाळा वाढला की ओसरायचा. म्हणजे घंटेसारखा आकार जुळला, कारण जुळलं नाही. पेपरचं महत्त्व त्यानं कमी होत नाही, उंबरठ्याचा त्यांचा सिद्धांत (एका मर्यादेखाली साथ पसरतच नाही) आजही उभा आहे, पण त्या एका आकृतीवरून मुंबईत प्लेग का थांबला हे सांगायला गेलं तर उत्तर चुकणार. अप्लाइड गणितवाल्याचं अर्धं शहाणपण या फरकात आहे. म्हणून केळीवर मॉडेल करायचं तर बागेत जाऊन मावा बघायचा, शेतकऱ्याशी बोलायचं, कृषी विद्यापीठाच्या रोगशास्त्रवाल्यांना विचारायचं आणि मगच समीकरण लिहायचं.

दिवसभर तुम्ही नेमकं काय करता?

समीकरणं लिहिणं त्यातला छोटा भाग. मग समतोल बिंदू, म्हणजे जिथं बदल थांबतो त्या जागा, काढायचे, ते स्थिर आहेत का (थोडं ढकललं तर सिस्टीम परत तिथंच येते का) ते जेकोबियन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंवरून बघायचं, कुठला पॅरामीटर कुठं ओलांडला की वागणं बदलतं तो बायफर्केशनचा नकाशा काढायचा, कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. सॉफ्टवेअर म्हणाल तर पायथन फुकट आहे आणि पुरतं, मॅटलॅब कॉलेजात असेल तर ठीक, नाहीतर ऑक्टेव्ह. पेपर पाठवला की रिव्ह्यू यायला महिनोन्महिने जातात, बऱ्याच वेळा नाकारला जातो, दुरुस्त करून दुसरीकडं पाठवायचा. आणि शिकवणं, पेपर तपासणं, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली, हे सगळं आहेच.

बीएस्सी मॅथ्सनंतर रस्ता कसा असतो?

एमएस्सीसाठी आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आणि इथल्या कॉलेजांत सोय आहे. बाहेर आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षा, तीन तास, १०० मार्क. पुढं पीएचडीला सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा असते, २०० मार्क, आणि गणिताच्या पेपरात पार्ट सी ला निगेटिव्ह मार्किंग नाही, पण तिथं एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर धरले तरच मार्क, त्यामुळं पाठांतर तिथं उघडं पडतं. त्यातून जेआरएफ ही रिसर्चची फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर नियमाप्रमाणं घरभाडं. शिवाय राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिप आहेत, आपल्या प्रवर्गाची कुठली ते नीट बघा, बऱ्याच पोरांना अर्जाची तारीख गेल्यावर कळतं. आता चार वर्षांच्या डिग्रीत ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करता थेट नेट आणि पीएचडीला जाता येतं, पण माझं वैयक्तिक मत, एमएस्सीची दोन वर्षं रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं करायला लागतातच.

बीएस्सीत असतानाच एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिराला अर्ज करा. १९९३ पासून चालू आहे, तिथं पाठांतर सोडून विचार करायला शिकवतात.

पीएचडी झाली की नोकरी पक्की ना?

नाही, आणि पोरांना गोड बोलून या वाटेला लावणं मला जमत नाही. पीएचडीला साधारण पाचेक वर्षं जातात. असिस्टंट प्रोफेसरसाठी २०२३ पासून नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) हीच किमान अट आहे, पीएचडी सक्तीची नाही, आणि कायम पद मिळालं तर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. पण कायम पदांच्या भरत्या वर्षानुवर्षं रखडतात, आणि तोपर्यंत हुशार पोरं सीएचबीवर, तासाच्या हिशोबानं, सुट्टीत शून्य पगार असं शिकवत राहतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण रिसर्च करायची वर्षं नेमकी तीच असतात. म्हणून सांगते, कोडिंग आणि स्टॅटिस्टिक्स सोबत शिका, म्हणजे हवामान, विमा, बँकिंग, डेटा असे इतर दरवाजेपण उघडे राहतात. पुण्याची आयआयटीएम ही संशोधन संस्था हवामानावरच काम करते, तिथं आमच्या विषयाची पोरं लागतात. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती रिसर्चची नोकरी, परदेशात मिळू शकते, एक-दोन वर्षांची असते, पुढचं परत अनिश्चित.

गाईड कसा निवडायचा?

नावावरून नको. गेल्या पाच वर्षांतले पेपर बघा, त्यांच्या आधीच्या स्टुडंटशी फोनवर बोला, किती वर्षं लागली आणि शंका विचारली की उत्तर मिळतं का हे विचारा.

पैसे भरून आठ दिवसांत पेपर छापून देतो असा मेसेज आलाय, छापू का?

छापू नका. युजीसीनं केअर लिस्ट (मान्य जर्नलांची यादी) २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळं आता जर्नल चांगलं का वाईट हे तुम्हालाच ठरवायचंय. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्या जर्नलमधले पेपर तुमच्या विषयातले लोक वाचतात का, रिव्ह्यू खरंच होतो का ते बघा. एक खरा पेपर दहा विकतच्या पेपरांपेक्षा जास्त टिकतो.

मराठी मिडीयममधून शिकलोय, इंग्रजी कच्चं आहे, घरी तर अहिराणीच बोलतो. जमेल का?

जमतं. गणिताचं इंग्रजी फार थोडं आहे, तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. सिद्धता आधी आपल्या भाषेत बोलून बघा, अहिराणीत बोलली तरी चालेल, तर्क पक्का झाला की इंग्रजीत उतरवणं वर्षभरात येतं. माझ्याकडच्या पोरांना फळ्यावर अडकलं की मी सांगते, मराठीत सांग, आणि निम्म्या वेळा अडचण भाषेची असते, गणिताची नसतेच.

ताई, पोरीला एवढं शिकवून लग्नाचं वय निघून जाईन ना?

हा प्रश्न आईवडील हळू आवाजात विचारतात, मी मोठ्यानं उत्तर देते. पोरीला पाच वर्षं द्या. फेलोशिप असली तर ती तुमच्याकडं पैसे मागत नाही, स्वतःच्या पायावर असते, आणि लग्नानंतर पीएचडी पूर्ण केलेल्यापण पुष्कळ आहेत. या विषयात बायका आधीपासून आहेत: मेरी कार्टराइट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिटिलवुड यांच्यासोबत रेडिओच्या समीकरणांवर काम केलं, तेव्हा केऑस हे नावसुद्धा नव्हतं, आणि १९४७ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. लोरेंझच्या कॉम्प्युटरवरचं प्रोग्रॅमिंगपण मार्गारेट हॅमिल्टन आणि एलन फेटर या दोघींनी केलेलं.

भास्कराचार्य आपल्या चाळीसगावचेच ना? त्यांचा या विषयाशी संबंध आहे का?

पाटणादेवीजवळच्या पाटण गावच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे, त्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला आणि त्याला देणगी मिळाली, काळ १२०७ च्या आसपासचा, आणि हा लेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धांतशिरोमणी ११५० चा. ग्रहाची रोजची सरासरी गती आणि त्या क्षणाची, तात्कालिक गती, यात ते फरक करतात आणि ज्येच्या (साइनच्या) बदलाचा हिशोब कोटिज्येवरून (कोसाइनवरून) मांडतात, म्हणजे क्षणाच्या बदलाचा विचार तिथं स्पष्ट आहे. पूर्ण कॅल्क्युलस होतं असं मी म्हणणार नाही, लिमिटची व्याख्या तिथं नाही. जे आहे तेच भरपूर मोठं आहे, आणि ते बघायला आपल्याकडून एका दिवसात जाऊन येता येतं.

एआय आल्यावर हे काम उरेल का?

उरेल. डेटावरून समीकरण शोधायच्या पद्धती आल्यात, २०१६ पासून सिंडी नावाची एक फार वापरली जाते, मीपण वापरते. पण प्लेगच्या वक्राचं वर सांगितलं ना, तसं जुळणारं समीकरण मशीन देईल, रोग मावा पसरवतो का माणूस हे कुणीतरी शेतात जाऊन बघायला लागतंच.

सुरुवात कुठून करू?

डिफरन्शिअल इक्वेशन आणि मॅट्रिक्स परत वाचा, एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर लेक्चर्स फुकट आहेत. आणि आज रात्री मोबाईलच्या स्प्रेडशीटमध्ये पहिल्या घरात ०.३ टाका, खाली वरचा किडीचा नियम लिहून पन्नास ओळी ओढा, र बदलत जा, २.८, ३.२, ३.५, ३.८३, ४, आणि प्रत्येकाचा ग्राफ काढा. ३.८३ ला तीनचं चक्र दिसायला सुरुवातीच्या बऱ्याच ओळी सोडून द्याव्या लागतात, तेव्हा पन्नासऐवजी दोनशे ओळी घ्या.